ओकखालची केशरी अळंबी आणि ‘जमिनीवर’ हा शब्द

‘काका, शँटरेल सापडली. टोपलीभर! एकदा बघून हो म्हणा, की रात्री शिजवते.’

शँटरेल म्हणजे जंगलात उगवणारी एक खाण्याजोगी अळंबी. मेसेजबरोबर अळंबीचे चार फोटो होते आणि पाचवा वहीच्या पानाचा. पाठवणारी माझ्या मित्राची मुलगी. दोन वर्षं झाली, जंगलात अळंब्या पाहत हिंडते आणि माझ्यापेक्षा नीट नोंदी ठेवते. पानावर लिहिलं होतं: ‘ओकचं जंगल, मधेमधे पाइन. उतार. अळंबी जमिनीवर, पाचोळ्यातून वर आलेली, लाकडावर नाही. रंग केशरी-पिवळा. टोपी मधे खोलगट, कडा लाटेसारखी. खालच्या पट्ट्या देठावर उतरलेल्या. वास जर्दाळूचा.’

मी उत्तर दिलं, ‘दिसते तर तशीच. पण आज शिजवू नकोस. टोपली आहे तशी उद्या घेऊन ये.’

शेवटची दोन वाक्यं बरोबर होती. पहिलं चुकलं. ते का चुकलं एवढ्यासाठीच हे प्रकरण सविस्तर लिहितो आहे, कारण हातात जेवढी माहिती होती तेवढ्यावर तो अंदाज काही अगदीच वेडगळ नव्हता. (जंगल कोणतं ते मुद्दाम लिहीत नाही. शँटरेलची जागा जगजाहीर केली तर ती पोरगी माझ्याशी बोलणार नाही.)

केशरी-पिवळी, खोलगट टोपीची, देठावर पट्ट्या उतरलेली अळंबी दिसली की तीन नावं समोर येतात. एक खरी शँटरेल, कँथरेलस सिबेरियस. सिबेरियस म्हणजे खाण्याजोगी. हे नाव १८२१ मध्ये फ्रीस या स्वीडिश शास्त्रज्ञानं दिलं. दुसरी खोटी शँटरेल, हायग्रोफोरॉप्सिस ऑरँटिआका. तिसरी जॅक-ओ-लँटर्न, म्हणजे ऑम्फॅलोटस गटातल्या जाती, आणि या विषारी. दिसायला बहिणी वाटल्या तरी तिघींचं नातं फार लांबचं. तिघी तीन वेगळ्या गणांत मोडतात. खोटी शँटरेल तर डीएनए तपासल्यावर बोलेटच्या गणात जाऊन बसली, जिथल्या बहुतेकींच्या टोपीखाली पट्ट्या नसतात, स्पंजासारखी छिद्रं असतात.

आता मेख इथे आहे. शँटरेल जिवंत झाडाच्या मुळांशी भागीदारी करून जगते. तिचं कवकजाल, म्हणजे मातीतल्या तंतूंचं जाळं, मुळांच्या बारीक टोकांना वेढून बसतं, झाडाला पाणी आणि खनिजं पुरवतं आणि झाडाकडून साखर घेतं. झाडाशिवाय तिचं चालत नाही, म्हणून ती सहजासहजी लावताही येत नाही. १९९७ मध्ये काचघरात कुंडीतल्या पाइनच्या रोपाबरोबर तिला अळंबी धरली, तर ती ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून येण्याजोगी बातमी ठरली. थोडक्यात, शँटरेल मातीतून येते. जॅक-ओ-लँटर्न याच्या उलट, मेलेलं किंवा मरू घातलेलं लाकूड खाते. ओंडक्यावर, बुंध्याच्या पायथ्याशी, घोसानं. म्हणून वहीतलं ‘जमिनीवर, लाकडावर नाही’ वाचलं आणि माझ्या मनानं तिसरं नाव परस्पर खोडून टाकलं. उरलेल्या दोघींत शँटरेल जास्त जुळत होती. वर जर्दाळूचा वास. झालं.

आता फोटो. पहिला वरून काढलेला, नुसत्या टोप्या. दुसऱ्यात तळहातावर एकच अळंबी, छान स्पष्ट. तिसरा टोपलीचा. चौथा टोपीच्या खालच्या बाजूचा, पण हललेला. देठाचा तळ एकाही फोटोत नव्हता, कारण तो जंगलातच राहिला होता. तिने प्रत्येक अळंबी चाकूनं मातीलगत कापली होती. उपटली तर खालचं कवकजाल दुखावतं, ही शिकवण तिला कुणीतरी दिलेली. शिकवणीमागची भावना चांगली आहे, पण स्वित्झर्लंडमध्ये जवळजवळ तीन दशकं केलेल्या आणि २००६ मध्ये छापलेल्या पाहणीत कापल्यामुळे किंवा उपटल्यामुळे पुढच्या उगवणीत फरक पडलेला दिसला नाही. ओळख पटलेली अळंबी खुशाल कापावी. अनोळखी अळंबी कापली की तिचा निम्मा पुरावा मातीत राहतो.

दुसऱ्या दिवशी टोपली टेबलावर आली. वरची सगळ्यात मोठी अळंबी उचलली. टोपी अकरा सेंटिमीटर रुंद. उलटी केली आणि पोटात गोळाच आला.

शँटरेलच्या टोपीखाली खऱ्या अर्थानं पट्ट्या नसतातच. तिथे असतात त्या मांसाच्याच घड्या: बोथट कडांच्या, फाटे फुटणाऱ्या, मधूनमधून आडव्या शिरांनी जोडलेल्या. मेणबत्तीवरून ओघळून थिजलेल्या मेणासारख्या. नखानं एखादी सुटी करायला गेलात तर टोपीचं मांस बरोबर येतं, कारण ती वेगळी वस्तूच नसते. माझ्या हातातल्या अळंबीच्या पट्ट्या मात्र पातळ, धारदार, दाट. त्यांतली एक चिमटीत धरून ओढली, तर वहीचं पान फाटावं तशी अख्खी निघून आली. फाटे नव्हतेच म्हटलं तरी चालेल. लांब पट्ट्यांच्या मधे आखूड पट्ट्या होत्या, त्यांच्यामुळे हललेल्या फोटोत फाटे असल्यासारखे वाटले असणार. मग अळंबी उभी चिरली. शँटरेल आतून पांढुरकी निघते, फार तर फिकट पिवळी. ही आरपार केशरी.

‘पण वास?’ ती म्हणाली. ‘वास जर्दाळूचाच येतोय, तुम्ही घ्या ना.’

घेतला. टोपलीला खरंच जर्दाळूचा वास होता. वासाला मी पुराव्यात सगळ्यात शेवटची खुर्ची देतो, कारण नाव एकदा डोक्यात बसलं की नाक तेच नाव वाचायला लागतं. पण या वेळी माझंही नाक तेच सांगत होतं. म्हणून एक खेळ केला. चिरलेली अळंबी वाटीत ठेवली, वर कागद झाकला, टोपली दुसऱ्या खोलीत नेली आणि तिला डोळे मिटून वास घ्यायला सांगितला. ‘ओल्या पाचोळ्यासारखा,’ ती म्हणाली. ‘जर्दाळू नाही.’

मग टोपलीत कशाचा वास होता? टोपली वर्तमानपत्रावर ओतली आणि एकेक अळंबी उलटी मांडत गेलो. एकूण एकतीस. चोवीस पहिलीसारख्या. सात मात्र लहान, जाडसर, फिक्या, आणि त्यांच्या खाली थिजलेल्या मेणाच्या घड्या. चिरल्या तर आतून पांढुरक्या, सुकटीच्या धाग्यांसारख्या उभ्या फाटणाऱ्या. या सात खऱ्या शँटरेल होत्या. जर्दाळूचा वास या सातजणींचा, आणि तो टोपलीभर पसरला होता.

मी फोन काढून दुसरा फोटो पुन्हा पाहिला. तळहातावरची ती स्पष्ट अळंबी या सातांपैकीच एक. फोटोसाठी तिने सुबक म्हणून निवडलेली. म्हणजे मी ‘तशीच दिसते’ म्हटलं ते एका अळंबीबद्दल खरं होतं, आणि तिने ते एकतीस जणींना लावलं. वहीतल्या नोंदीतही दोन जातींची लक्षणं एकाच वाक्यात बसली होती: वास एकीचा, रंग आणि आकार दुसरीचा. अशी अळंबी जगात नाही. ती फक्त त्या पानावर होती.

खोटी शँटरेल का नाही, हे तपासणं भाग होतं, कारण जवळ पाइन होते आणि तिला सूचिपर्णी झाडांखालचा कुजका थर आवडतो. फार वेळ लागला नाही. तिच्या पट्ट्या पुन्हापुन्हा दुभंगत जातात, मांस मऊ आणि लवचिक असतं, आणि अकरा सेंटिमीटर टोपी तिच्या मानानं फारच मोठी. मेल्झरचं आयोडीनचं द्रावण लावल्यावर तिचे बीजाणू तांबूस तपकिरी होतात. यांचे झाले नाहीत.

बीजाणूंचा ठसा रात्रभर काचेवर घेतला होता. टोपी काचेवर पालथी घालायची, वर भांडं झाकायचं, सकाळी काढायची. ठसा मलईसारखा पांढुरका पडला. या तिघींतला निवाडा करायला त्याचा फारसा उपयोग नाही, तिघींचेही ठसे फिकेच असतात. तरी मी तो कधी टाळत नाही, आणि कारण सांगतो. केशरी-तपकिरी रंगाच्या कॉर्टिनेरियस गटातल्या काही जाती जीवघेण्या आहेत आणि त्यांचा ठसा गंजासारखा तपकिरी पडतो. त्यांचं विष मूत्रपिंडावर जातं आणि लक्षणं दिसायला दोन दिवसांपासून तीन आठवड्यांपर्यंत लागू शकतात. तोवर आपण काय खाल्लं होतं हेही आठवत नाही. पोलंडमध्ये १९५२ साली १०२ जणांना त्यातल्या एका जातीची बाधा झाली, ११ जण दगावले, आणि कारण अळंबी आहे हे तेव्हा कुठे लक्षात आलं. काचेचा एक तुकडा आणि एक रात्र, एवढ्यात ती शंका मिटत असेल तर मिटवावी.

सूक्ष्मदर्शकाखाली बीजाणू जवळजवळ गोल, चार ते पाच मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शँटरेलचे लांबट असतात. म्हणजे टेबलावरचा सगळा पुरावा ऑम्फॅलोटसकडे बोट दाखवत होता. विरुद्ध बाजूला एकच वाक्य उभं होतं: जमिनीवर, लाकडावर नाही. ते लिहिणारी समोर बसलेली, आणि ती खोटं लिहिणारी नव्हे.

दोन दिवसांनी आम्ही त्या उतारावर गेलो.

जागा वहीतल्यासारखीच. पाचोळा, थोडं शेवाळ, दहा पावलांच्या आत ना ओंडका ना खुंट. तिने कापलेल्या देठांचे चकते अजून मातीत दिसत होते, वाळून कडेनं काळे पडलेले. ‘बघा काका,’ ती म्हणाली, ‘कुठंय लाकूड?’ स्वरात थोडी जीत होती, आणि मला ती आवडली.

मी खुरपं काढलं. वरचा पाचोळा हातानं बाजूला केला, चार बोटं जाड. खाली काळी भुसभुशीत माती. चकत्यांपासून देठ खाली कसे जातात ते न तोडता मोकळे करत गेलो. वर एकमेकांपासून चांगले अंतरावर दिसणारे नऊ देठ खाली जाताना निमुळते होत, गडद होत, एकमेकांकडे झुकत होते. वीतभर खोलीच्या थोडं आधी ते सगळे एकाच गाठीत मिळाले. आणि ती गाठ बसली होती मनगटाएवढ्या जाड मुळावर. साल सुटलेली, लाकूड फिकट आणि इतकं मऊ, की खुरप्याचं टोक त्यात आवाज न करता शिरलं.

ती काही बोलली नाही. खाली बसून हातानंच मुळाच्या दोन्ही बाजूंची माती काढायला लागली. मूळ उतारावर वरच्या अंगाला जात होतं. दोन मीटरवर पाचोळ्यानं काठोकाठ भरलेला एक खड्डा लागला. पाचोळा उपसला तर आत कुजक्या लाकडाचा भुगा आणि चारी दिशांना गेलेल्या मुळांची भोकं. कधीकाळी तिथे झाड होतं, मग खुंट झाला, मग खुंटही संपला. मुळं मात्र जमिनीखाली अजून खाल्ली जात होती. वहीत तिने सापडलेल्या घोसांची तीन ठिकाणं टिंबांनी दाखवली होती. पान उघडून त्या मुळाच्या दिशेनं धरलं, तर तिन्ही टिंबं एका रेषेत. ती रेष तिने स्वतः काढली होती, फक्त तिला रेष म्हणून पाहिलं नव्हतं. मीही नाही, पान माझ्या फोनवर होतंच की.

सात शँटरेल कुठून आल्या? तिला आठवत होतं: खालच्या अंगाला, चाळीसेक पावलांवर, जिवंत ओकाखाली शेवाळात, सुट्यासुट्या. तिथे आणखी दोन कोवळ्या सापडल्या. एक तळासकट काढली. देठ एकटाच, भरीव, तळाशी माती आणि पांढरे तंतू. खाली केसांसारखी बारीक मुळं. लाकूड कुठेही नाही. आधी उतारावरच्या शँटरेल, मग वर चढताना भरघोस घोस. टोपली तीच, चाकू तोच आणि मनातलं नावही तेच राहिलं. पहिल्या सात ओळखताना तिने चूक केली नव्हती. नंतरच्या चोवीस तिने ओळखल्याच नाहीत, नुसत्या गोळा केल्या.

जाताजाता नोंदीबद्दल बोललो. ‘जमिनीवर’ हा शब्द मी तिला खोडायला लावला नाही. तो तिने पाहिलं त्याचं खरं वर्णन आहे. त्याच्यापुढे ‘खणून पाहिलं का?’ एवढं जोडायला सांगितलं, आणि आसपासची झाडं लिहिताना मेलेलीही लिही म्हटलं.

त्याच मुळावर एक छोटा ताजा घोस उरला होता. तो मातीच्या ढेकळासकट घरी आणला, कारण एक गोष्ट बघायची राहिली होती. या अळंबीच्या पट्ट्या अंधारात उजळतात. जॅक-ओ-लँटर्न नाव पडायला तेही एक कारण. खिडकी नसलेल्या खोलीत दाराच्या फटीला टॉवेल लावून बसलो. पाच मिनिटं काही नाही. दहा मिनिटांनी ती म्हणाली, ‘मला वाटतंय की दिसतंय, की मी मनानंच बघतेय?’ रास्त शंका. काळोखात डोळे स्वतःहून ठिपके रंगवतात. म्हणून मी घोस न सांगता डावीकडून उजवीकडे नेला. ‘हललं!’ ती ओरडली. वीस मिनिटांनंतर हिरवट, अगदी पुसट, टोपीच्या खालच्या बाजूलाच, पट्ट्यांच्या रेषा कळतील न कळतील इतपत. शेजारी ठेवलेली शँटरेल काळीठिक्कर. हा उजेड ज्या रेणूपासून निघतो त्याची ओळख २०१५ मध्ये पटली. ओळख पटवण्याची खूण म्हणून मात्र मी त्यावर विसंबत नाही. शिळ्या किंवा सुकत आलेल्या अळंब्या उजळत नाहीत, काही ताज्याही इतक्या मंद असतात की दिसत नाहीत. दिसला तर मोठाच पुरावा. दिसला नाही तर त्यावरून काहीही ठरत नाही.

जात कोणती, याबद्दल मी वहीत ‘ऑम्फॅलोटस, बहुधा इल्युडेन्स’ असं लिहायला सांगितलं. याच गटातली ऑलिएरियस ही दक्षिण युरोपातली, ऑलिव्हच्या झाडावरून नाव पडलेली, वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोलनं १८१५ मध्ये नोंदवलेली. तिचे बीजाणू थोडे मोठे, पाच ते सात मायक्रॉनचे. आमचे त्याहून लहान. इल्युडेन्स हे नाव श्वाइनित्स या अमेरिकी अभ्यासकानं १८२२ मध्ये उत्तर कॅरोलिनातल्या अळंब्यांवरून दिलं. लॅटिनमध्ये अर्थ फसवणारी. ‘बहुधा’ ठेवलं, कारण एका उतारावरच्या एका घोसावर मी याहून पुढे जाणार नाही, आणि खायची की नाही या प्रश्नाला जातीनं काही फरकही पडत नव्हता.

खाल्ली असती तर? इल्युडिन नावाच्या विषामुळे बहुतेकांना अर्ध्या ते तीनेक तासांत उलट्या सुरू होतात, मग पोटात मुरडा, जुलाब, शिजवून खाल्लेल्यांनाही. सहसा एकदोन दिवसांत माणूस सावरतो, जिवावर क्वचितच बेततं, पण ते दोन दिवस कुणी विसरत नाही. लहान मुलं आणि म्हातारी माणसं यांच्या बाबतीत पाणी कमी होण्याचा धोका खरा असतो आणि दवाखाना गाठावा लागतो. याच विषापासून पुढे कर्करोगावरचं इरोफुल्वेन हे प्रायोगिक औषध बनवलं गेलं, हे ऐकून तिने टोपलीकडे जरा आदरानं पाहिलं.

सात शँटरेलचा प्रश्न उरला. त्या खऱ्या होत्या, मी हातानं तपासल्या होत्या. तरी मी टाकून द्यायला लावल्या. चोवीस जणींच्या पट्ट्या टोपलीत चुरडल्या होत्या, केशरी तुकडे सगळीकडे चिकटलेले, आणि घड्यांमधून ते वेचत बसण्याइतका माझा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नाही. ती नाराज झाली. मी समजूत घालत बसलो नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा मेसेज आला. चार फोटो: टोपी, खालची बाजू, उभा काप, आणि चौथा खड्ड्याचा. खाली एकच ओळ. ‘काका, आधी खड्डा बघा.’

खड्ड्याचा फोटो हलला होता. दुसरा मागवला.